ड्रोनला जात दिसत नाही, पण पत्ता दिसतो!

येत्या काही वर्षांत जग ओळखू येणार नाही इतके बदलेल, असे आपल्याला रोज ऐकवले जाते. कृत्रिम बुद्धिमत्ता कर्जाचा अर्ज तपासेल, घराचा भाव काढेल, जमिनीचा वाद सोडवेल आणि खरेदीखत मोबाइलवर होईल, असे सांगणारे व्हिडिओ आता खेड्यातल्या पानटपरीवरही वाजतात. यातले बरेचसे खरे ठरेल, हे आम्हीही मानतो. पण वाशिम जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला वेगळाच प्रश्न पडतो. यंत्राचा वेग वाढला म्हणजे न्यायाचा वेग आपोआप वाढतो का? की ज्याच्याकडे आधीच कागद आहे तो पुढे निघून जातो आणि ज्याच्याकडे नाही तो पूर्वीपेक्षा जास्त वेगाने मागे पडतो?

आमचे म्हणणे सरळ आहे. यंत्र नोंद वाचते. नोंद माणसाने लिहिलेली असते. आणि आपल्या देशात ती नोंद बहुतेक वेळा जातीच्या चष्म्यातून लिहिली गेली आहे. जुना अन्याय संगणकात चढला की तो ‘डेटा’ होतो. मग त्याच्याशी भांडणे जास्त अवघड होते, कारण समोर पाटील किंवा पटवारी नसतो, फक्त पडदा असतो. म्हणून आपल्या घराची आणि जागेची नोंद आजच तपासणे, दुरुस्त करणे आणि ती दुरुस्त होईपर्यंत घाईने घर न विकणे हा आजच्या आंबेडकरी चळवळीचा कार्यक्रम असला पाहिजे.

ड्रोन आला, पण कोणाच्या घरावर?

24 एप्रिल 2020 रोजी, पंचायत राज दिनी, केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करायची आणि प्रत्येक घरमालकाला मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड द्यायचे, अशी ही योजना. त्याआधीच महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात याचा प्रयोग झाला होता. 18 जानेवारी 2025 रोजी देशभरात एकाच दिवशी 65 लाखांहून अधिक कार्डे वाटल्याचा सोहळा झाला. योजना चांगली आहे, तिला आमचा विरोध नाही. ज्या माणसाच्या घराला आजवर कागदच नव्हता, त्याला कागद मिळत असेल तर त्याला विरोध कोण करेल?

पण या योजनेचे काम कसे चालते ते नीट पाहा. आधी गावात हद्दीवर चुना टाकला जातो. मग ड्रोन उडतो, नकाशा तयार होतो. त्यानंतर चौकशी अधिकारी जागेवर येऊन कोणते घर कोणाचे हे विचारतो, कागद पाहतो, हरकती ऐकतो. यात ड्रोनचे काम काही मिनिटांचे असते. खरा निर्णय चुन्याच्या रेषेवर आणि मौका चौकशीत होतो. चुना कोण टाकतो? त्या दिवशी जागेवर कोण हजर असते? सोयाबीन निघाल्यावर आपली कितीतरी कुटुंबे पुण्याला, मुंबईला कामासाठी जातात. घराला कुलूप असते. म्हातारी आई किंवा शेजारी जे सांगेल ते लिहिले जाते. दोन घरांमधला बोळ, नालीकडची चार फूट जागा, विहाराच्या मागचे अंगण कोणाच्या नावावर गेले हे दिवाळीला घरी आल्यावर कळते. तोपर्यंत हरकतीची मुदत निघून गेलेली असते.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. ही मोजणी गावठाणाची आहे. आपल्या वस्त्या कुठे आहेत? इतिहासाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले. कुटुंबे वाढली तशी घरे आणखी बाहेर सरकली आणि वऱ्हाडात ज्याला आपण ई-क्लास म्हणतो त्या सरकारी जमिनीवर उभी राहिली. ज्याला गावाने आत येऊ दिले नाही, त्याच्या घरावर आज सरकारचा ड्रोन आला तरी त्याची नोंद ‘मालक’ म्हणून होत नाही, ‘अतिक्रमक’ म्हणून होते. ड्रोनने जात विचारली नाही. त्याने फक्त पत्ता पाहिला. पण तो पत्ता जातीनेच ठरवला होता ना?

ई-क्लासचा प्रश्न संगणकाआधीचा आहे

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा मागणी हीच होती: कसणाऱ्याच्या आणि राहणाऱ्याच्या नावे जमीन करा. त्या लढ्यांमुळे भूमिहीनांचा प्रश्न राज्याच्या चर्चेत आला. पुढे राज्य शासनाला 1978 मध्ये आणि 1991 मध्ये ही अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घ्यावे लागले. 1991 च्या निर्णयात 14 एप्रिल 1990 ही तारीख मर्यादा म्हणून धरली गेली, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. तारीख सुंदर होती, पण अंमलबजावणी अर्धवट राहिली. किती लोकांचे अर्ज तहसीलच्या कपाटातच राहिले हे गावागावात विचारून पाहा.

त्यानंतर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी वाचवण्याचा आदेश दिला. पंजाबात तळ्याच्या जागेवर झालेल्या अतिक्रमणातून उभे राहिलेले ते प्रकरण होते. पण त्याचा फटका बसला तो चार पत्र्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाला. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर गायरानाचा विषय आला तेव्हा राज्यात गायरानावर दोन लाखांहून अधिक बांधकामे असल्याचा आकडा पुढे आला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. त्याच निकालात भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारने दिलेल्या जागांचा अपवाद मान्य केला आहे, हे मात्र नोटिशीत कोणी लिहीत नाही. 2018 मध्ये शासनाने 1 जानेवारी 2011 पूर्वीची ग्रामीण निवासी अतिक्रमणे अटींसह नियमानुकूल करण्याचा निर्णय घेतला, हेही वस्तीत फार थोड्यांना ठाऊक असते.

आता यात तंत्रज्ञान काय करते ते पाहा. अतिक्रमणाची नोंद पूर्वी गाव नमुना एक-ई मध्ये व्हायची. दंडाची पावती मिळायची. त्या पावतीवर आपण ‘आम्ही इतक्या वर्षांपासून इथे आहोत’ हे सिद्ध करत होतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवतो. पण ही नोंद खातेदाराच्या खात्यावर होते. ई-क्लास कसणाऱ्याचे खातेच नसते. त्यानंतर ॲग्रिस्टॅक आले आणि शेतकरी ओळख क्रमांक योजनांसाठी गरजेचा झाला. तो आधार आणि सातबारा जोडून तयार होतो. ज्याचे सातबाऱ्यावर नाव नाही, तो पन्नास वर्षे वावर कसत असला तरी संगणकाच्या लेखी शेतकरी नाही. नांगराने पडलेले घट्टे पडद्यावर उमटत नाहीत.

नावाचा अपमान आणि नावाची जुळणी

आणखी एक गोष्ट फारशी कुठे लिहिली जात नाही. जुन्या महसुली कागदांत आपल्या आजोबा-पणजोबांची नावे कशी लिहिली आहेत ते काढून पाहा. वरच्या जातीच्या माणसाला राव, पंत, पाटील. आपल्या माणसाला धोंड्या, सख्या, कचऱ्या. आडनावाच्या जागी जात. 14 ऑक्टोबर 1956 नंतर लोकांनी नवा धम्म घेतला, स्वतःला आणि मुलांना सन्मानाची नावे दिली. शाळेच्या दाखल्यावर, मतदार यादीत, आधारवर ती नवी नावे आली. सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मात्र अनेक ठिकाणी तोच धोंड्या राहिला.

पटवारी माणूस असतो. त्याला समजावून सांगता येत होते की धोंड्या म्हणजेच आमचे आजोबा धोंडीराम. संगणकाला ते कळत नाही. त्याच्यासाठी ही दोन वेगळी माणसे आहेत. नाव जुळले नाही की वारस नोंद अडते, घरकुलाचा हप्ता अडतो, अनुदान अडते. ज्या व्यवस्थेने आजोबाचे नाव तोडले, तीच आज नातवाला सांगते की तुझे नाव जुळत नाही! ही तांत्रिक चूक आहे असे आम्ही मानत नाही. हा जुन्या अपमानाचा नवा हप्ता आहे.

पत्ता हीच जात

घर विकायला निघालेल्या माणसाला हे सगळे एकदम कळते. एकाच गावात, एकाच मापाचे, एकाच वर्षी बांधलेले घर. वेशीच्या आतल्या आळीत त्याचा एक भाव आणि बौद्ध वस्तीत दुसरा. गिऱ्हाईक आधी ‘घर कुठल्या बाजूला?’ असे विचारते आणि मग भाव बोलते. शहरात भाड्याने किंवा विकत घर घ्यायला गेलेल्या आपल्या शिकलेल्या मुलांना आधी आडनाव विचारले जाते. हे आपण सगळे जाणतो.

आता कल्पना करा की उद्या घराचा भाव एखादा संगणकी कार्यक्रम काढणार आहे. तो शिकणार कशावरून? आजवर झालेल्या व्यवहारांवरून. त्या व्यवहारांत आपल्या वस्तीचे भाव जातीमुळे पडलेले आहेत. त्या कार्यक्रमात जातीचा रकाना नसेल. त्याची गरजच नाही, कारण पत्त्याचा रकाना आहे. तो म्हणेल की या भागातले घर कमी किमतीचे आहे, इथल्या माणसाला कर्ज देणे जोखमीचे आहे. त्याच्यावर जातीयवादाचा गुन्हाही दाखल करता येणार नाही. पूर्वी जो भेद माणसाच्या तोंडून ऐकू यायचा, तो आता गणित होऊन येईल आणि लोक म्हणतील, गणित कधी खोटे बोलते का?

म्हणजे आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत का? अजिबात नाही. 1945 च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. यंत्राने माणसाला कष्टातून सुटका आणि फुरसत मिळते, ती संस्कृतीसाठी आवश्यक आहे. दोष यंत्रात नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेत आहे, हा त्यांचा युक्तिवाद आहे. आमची भूमिका तीच. काही मित्र म्हणतात की संगणकाने पटवाऱ्याची मनमानी कमी केली. बरोबर आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो, त्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. ही मुक्तीच आहे. पण ती त्याची, ज्याचे नाव त्या सातबाऱ्यावर आहे. बाकीच्यांनी काय करायचे?

समृद्धी कोणाची?

या घाईच्या काळात आपल्या जिल्ह्यात आणखी एक घाई आली आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, शेलुबाजार, मालेगाव या पट्ट्यातून गेला. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी आणि 5 जून 2025 रोजी मुंबईपर्यंतचा संपूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता खुला झाला. नीती आयोगाने 2018 मध्ये ज्या वाशिमला आकांक्षित म्हणजे मागास जिल्ह्यांच्या यादीत घातले, त्याच वाशिमच्या मातीला आता गिऱ्हाईक आले आहे. महामार्गाजवळच्या गावांत दलाल फिरतात. लग्न, दवाखाना, सावकाराचे देणे या कारणांनी आपला माणूस विकायला तयार होतो. राखीव जागेवर निवडून आलेला सरपंचही कधी कधी त्यात मध्यस्थ असतो, हे कटू असले तरी बोलले पाहिजे.

राहते घर विकणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. घटनेचे कलम 300-अ सांगते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. पण पोटासाठी, अर्धवट कागदावर, मिळेल त्या भावात केलेली विक्री ही मर्जीची विक्री नसते. म्हणून विकण्याआधी आम्ही वस्तीत जे सांगतो ते इथे मांडतो.

पहिले, कागद ओळखा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही. 8-अ हा वेगळा कागद आहे, तो शेतीच्या खात्याचा. या दोन आठांच्या गोंधळात अनेक जण फसतात. गावठाणातील घराच्या मालकीसाठी मिळकत पत्रिका महत्त्वाची.

दुसरे, बाँडवर व्यवहार करू नका. पूर्वी शंभराचा होता, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा झाला, पण त्याने मालकी बदलत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृतच हवी. कुलमुखत्यारपत्राने केलेली ‘विक्री’ मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तिसरे, सरकारकडून मिळालेली जमीन असेल तर ती बहुधा भोगवटादार वर्ग 2 ची असते. परवानगीशिवाय विकली तर शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दलाल हे सांगत नाही. पैसे देऊन तो मोकळा होतो, नोटीस आपल्या नावे येते.

चौथे, भाव स्वतः पाहा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात, तो कोणालाही पाहता येतो. शेजारच्या व्यवहारांचा इंडेक्स टू शोधता येतो. दलालाच्या तोंडच्या भावावर विश्वास ठेवण्याची गरज नाही.

पाचवे, घरातल्या बाईला विचारा. हिंदू वारसा कायदा 1956 बौद्धांनाही लागू आहे. मुलगी आणि विधवा या वारस आहेत. त्यांना अंधारात ठेवून केलेली विक्री कोर्टात अडकते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांनी बहिणीची सही चोरावी, यासारखी लाज दुसरी नाही.

संगणकाच्या साध्या गोष्टी, ज्यांनी घर वाचते

संगणकाच्या ‘टिप्स’ म्हटल्या की लोकांना वेगाने टाइप करण्याच्या युक्त्या आठवतात. आपल्या वस्तीसाठी त्यांचा अर्थ वेगळा आहे.

सेवा केंद्रावर फॉर्म भरताना मोबाइल क्रमांक स्वतःचाच टाकायला सांगा, केंद्रचालकाचा नको. ओटीपी आणि सूचना त्या क्रमांकावर जातात. काम झाल्यावर आधार, पासबुक यांच्या स्कॅन केलेल्या फाइल डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधून काढायला लावा, खाते लॉगआऊट झाले का ते पाहा. मोफत दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. सरकारी कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचाच घ्या. प्रत्येक अर्जाची पोच पीडीएफमध्ये ठेवा आणि घरातल्या दोन मोबाइलमध्ये साठवा. अर्ज युनिकोड मराठीत टाइप करा. कृतिदेवातला मजकूर दुसऱ्या मोबाइलवर उघडला तर नुसती चित्रविचित्र अक्षरे दिसतात.

घराची जाहिरात इंटरनेटवर टाकली की ‘ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ असा फोन येतो. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

नाव चुकले असेल तर ई-हक्क प्रणालीवरून अर्ज करता येतो. लेखनदोषाची दुरुस्ती जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली मागता येते. धोंड्याचा धोंडीराम करणे ही कागदी खटपट वाटेल. आम्हाला तो नामांतराचाच एक लढा वाटतो.

मागणी आणि कार्यक्रम

सरकारकडे आमची मागणी आहे. गावठाणाबाहेरच्या वस्त्यांची मोजणी ड्रोनने त्याच तत्परतेने करा आणि पात्र कुटुंबांना त्यांच्या नावे जागा द्या. एक-ई च्या जुन्या नोंदी संगणकावर आणा, त्या गहाळ होऊ देऊ नका. मौका चौकशीची तारीख कामासाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांना मोबाइलवर आधी कळवा. नाव जुळले नाही म्हणून हक्क नाकारण्याआधी माणसाचे म्हणणे ऐका. आणि भाव किंवा कर्ज ठरवणाऱ्या यंत्रांची जातीय भेदाच्या दृष्टीने तपासणी बंधनकारक करा.

पण सगळेच सरकारवर सोडून चालणार नाही. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कागदांसाठी द्या. वंदना झाली की शिकलेल्या मुलामुलींनी लॅपटॉप उघडावा आणि वस्तीतल्या एकेका घराचा उतारा काढून मोठ्याने वाचावा. कोणाचे नाव चुकले, कोणाचे गळले, कोणाची हद्द सरकली, याची यादी करावी. एक-ई च्या पावत्या, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, जुनी मतदार यादी यांचे फोटो काढून ठेवावेत. पुण्यात काम करणाऱ्या भावाला व्हिडिओ कॉलवर हद्द दाखवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा विरोधाभास घेऊन आपण पुढे जात आहोत आणि तो लवकरात लवकर दूर केला नाही तर विषमतेचे बळी लोकशाहीची ही इमारतच उडवून देतील. मताच्या यंत्रावर आपण सगळे समान झालो. जमिनीच्या यंत्रावर अजून झालेलो नाही. येणारे तंत्रज्ञान ती दरी बुजवेल की कायमची सिमेंटने पक्की करेल, हे ड्रोन ठरवणार नाही. मौका चौकशीच्या दिवशी आपल्यापैकी कितीजण हातात कागद घेऊन दारात उभे असतील, यावर ते ठरेल.

जय भीम!